वाचकांचे प्रश्न : एकपेशीय सजीव नेमके कोणत्या सृष्टीतले?

सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाबद्दल शिक्षक, विद्यार्थी, बागायतदार अशा बऱ्याच वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : आठवीच्या विज्ञानात व्हिटाकर यांच्या पाच सृष्टी आहेत. कॉलेजात जाणारी भाची तीन डोमेन सांगते आणि इंटरनेटवर सात सृष्टींचा तक्ता सापडतो. वर्गात मुलांनी विचारले तर बरोबर कोणते सांगायचे?
— विज्ञान शिक्षिका, वाई

उत्तर : परीक्षेत पाच सृष्टीच लिहायला सांगा, अभ्यासक्रम त्यावर बेतलेला आहे. मात्र हे तिन्ही तक्ते वेगवेगळ्या पुराव्यांवर उभे आहेत, हे मुलांना जरूर सांगा. आठवीतल्या मुलांना ते समजते.

रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या होत्या : पेशीत केंद्रक आहे का, शरीर एका पेशीचे की अनेक पेशींचे, आणि अन्न स्वतः तयार केले जाते, शोषले जाते की गिळले जाते. केंद्रक नसलेले सगळे मोनेरात गेले. केंद्रक असलेले, पण बहुतेक एकपेशीय, ते प्रोटिस्टात गेले. उरलेल्या तीन सृष्टी कवके, वनस्पती आणि प्राणी. हे निकष बऱ्याच अंशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतात, म्हणून ही मांडणी शाळेत टिकली आणि टिकावीही.

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी बाह्य रूप बाजूला ठेवून रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा भाग. तो प्रत्येक सजीवात असतोच, म्हणून त्याचा आरएनए हत्तीपासून जीवाणूपर्यंत सगळ्यांत ताडून पाहता येतो. मिथेन वायू तयार करणारे काही सूक्ष्मजीव तोवर जीवाणूंत धरले जात. या तुलनेत ते इतर जीवाणूंपासून इतके दूर निघाले, की त्यांचा गट वेगळाच मानावा लागला. १९९० मध्ये वूज, ओटो कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी जीवाणू, आर्किया (हाच तो वेगळा गट) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेले) अशी तीन डोमेन मांडली. डोमेन ही सृष्टीच्या वरची पायरी आहे. तीन डोमेनमुळे कवके, वनस्पती आणि प्राणी या सृष्टींना धक्का लागत नाही, फुटतो तो मोनेरा.

सात सृष्टींचा तक्ता २०१५ चा. जगातल्या सर्व ज्ञात जातींची एकच सूची ठेवायची तर प्रत्येक जातीला एक ठरलेला कप्पा लागतो, आणि त्या कामासाठी तो केला गेला. त्यात मोनेराचे जीवाणू व आर्किया असे दोन भाग आहेत आणि प्रोटिस्टाचे प्रोटोझोआ व क्रोमिस्टा असे दोन.

खरी अडचण प्रोटिस्टाची आहे. जमाखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली कुठेच न बसणाऱ्या रकमा टाकतात, तसे हे सदर आहे. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शैवाल अमीबापेक्षा आंब्याच्या झाडाला जवळचे आहे. कोअॅनोफ्लॅजेलेट नावाचे कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारख्या शेपटीने पोहणारे, एकपेशीय जीव युग्लीनापेक्षा माणसाला जवळचे आहेत. शरीर एका पेशीचे असणे ही शरीराची अवस्था झाली, त्यावरून नाते ठरत नाही. म्हणूनच प्रोटिस्टांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००५, २०१२ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणांत सृष्टी आणि संघ (सृष्टीच्या खालची पायरी) या पायऱ्याच वापरलेल्या नाहीत. ते फक्त नात्याने एकत्र येणारे मोठे गट सांगतात. अमीबोझोआ, आर्किप्लास्टिडा, डिस्कोबा, मेटामोनाडा ही त्यांतली काही नावे. स्ट्रॅमेनोपाइल, अल्व्हिओलाटा आणि रायझेरिया या तिघांचा मिळून एक मोठा गट होतो, त्याला आद्याक्षरांवरून ‘सार’ म्हणतात.

वर्गात एक करून पाहा. फळ्यावर पाच सृष्टींचा तक्ता काढा आणि शेजारी नात्यांचे झाड. मग क्लॅमिडोमोनास, अमीबा, यीस्ट आणि पॅरामेशिअम ही चार नावे मुलांना दोन्हींकडे ठेवायला सांगा. तक्त्यात तीन नावे एकाच खान्यात पडतात. झाडावर चारही वेगवेगळ्या फांद्यांवर जातात.

प्रश्न : युग्लीना हिरवा आहे, प्रकाशात अन्न तयार करतो, मग त्याला वनस्पती का म्हणत नाहीत?
— इयत्ता नववी, परभणी

उत्तर : कारण त्याचे हरितलवक मूळचे त्याचे नाही. युग्लीनाच्या पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळले आणि ते न पचवता पेशीत ठेवले. खूण अजून दिसते : वनस्पतींच्या हरितलवकाला दोन पटले (पातळ आवरणे) असतात, युग्लीनाच्या हरितलवकाला तीन. साठवणीचा पदार्थही वेगळा आहे. हिरवे शैवाल स्टार्च साठवते, युग्लीना पॅरामायलॉन. आयोडीनचा थेंब टाकला की क्लॅमिडोमोनासमध्ये निळसर काळा रंग उमटतो, युग्लीनात उमटत नाही. शाळेत सहज करता येण्याजोगी ही चाचणी आहे. त्याला पेशीभित्तिकाही नसते. पटलाखाली प्रथिनांच्या पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींवर सरकतात, म्हणून तो चालताना आकार बदलतो.

संघ विचाराल तर युग्लीनोझोआ. काळा आजार घडवणारा लेश्मानिया याच संघातला. युग्लीनाच्या जवळच्या कितीतरी जातींना हरितलवक नसते आणि त्या सरळ जीवाणू गिळतात.

प्रश्न : द्राक्षावरचा डाऊनी हा बुरशीजन्य रोग नाही असे कृषिसेवा केंद्रात ऐकले. पानावर तर पांढरी बुरशी स्पष्ट दिसते. आणि नाव काहीही असो, फवारणीत काय फरक पडतो?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : फरक पडतो, आणि पैशातही पडतो. डाऊनी घडवणारा प्लास्मोपॅरा व्हिटिकोला हा ऊमायसीट गटातला आहे. भुरी हा द्राक्षावरचा दुसरा रोग घडवणारा एरिसिफे नेकेटर ही खरी बुरशी, कवक सृष्टीतल्या अॅस्कोमायकोटा संघातली. दोघांचे धागे डोळ्यांना सारखे दिसत असले तरी नाते फार लांबचे आहे. ऊमायसीट हे स्ट्रॅमेनोपाइल, म्हणजे डायटम आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे सरगॅसम हे तपकिरी शैवाल यांचे भाऊबंद. सात सृष्टींच्या तक्त्यात ते क्रोमिस्टात बसतात.

नाते कशावरून ठरले? बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते. ऊमायसीटच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकॅन आणि सेल्युलोज. बुरशीच्या धाग्यांतली केंद्रके बहुधा गुणसूत्रांच्या एकेरी संचाची, ऊमायसीटची दुहेरी. डाऊनीच्या बीजाणुधानीतून पाण्यात पोहणारे एकपेशीय चलबीजाणू बाहेर पडतात. त्यांना दोन कशाभिका असतात, एक गुळगुळीत आणि एक बारीक केसांनी भरलेली. या केसाळ कशाभिकेवरून स्ट्रॅमेनोपाइल ओळखला जातो. डीएनएच्या तुलनेतही तेच उत्तर आले.

आता फवारणी. हेक्साकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल ही ट्रायअॅझोल गटातली औषधे बुरशीच्या पटलातला अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. प्लास्मोपॅरा अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, म्हणून ही औषधे भुरीवर चालतात आणि डाऊनीवर वाया जातात. गंधकही भुरीसाठी, डाऊनीवर त्याचा भरवसा धरू नये. उलट मेटॅलॅक्झिल ऊमायसीटच्या आरएनए तयार करणाऱ्या एका विकरावर घाव घालते आणि भुरीवर त्याचा उपयोग नाही. मात्र मेटॅलॅक्झिल एकटे आणि वारंवार वापरले की प्रतिकारक्षम वाण लवकर तयार होतात. म्हणून ते मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य औषधाच्या मिश्रणातच येते आणि हंगामात मोजक्याच वेळा वापरायचे असते. अॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखी औषधे दोन्ही रोगांवर नोंदलेली दिसतील. ती तंतुकणिकेतल्या श्वसनसाखळीवर काम करतात आणि ती साखळी दोघांतही आहे. पण तिथेही प्रतिकारक्षमता पटकन येते.

तांबे दोघांनाही मारक असले तरी बोर्डो मिश्रण मुळात डाऊनीसाठीच पुढे आले, १८८५ मध्ये फ्रान्समध्ये. एक टक्का मिश्रणासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडे वापरू नका. मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. तसेच फवारले तर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

ओळख पटवताना पान उलटून पाहा. डाऊनीत वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आणि त्याच्या बरोबर खाली पांढरी लव असते. भुरीची राख पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते आणि बोटाने पुसली जाते. शंका असेल तर डाग असलेले पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात, खोलीतल्या गार जागी ठेवा. डाऊनी असेल तर सकाळी डागाच्या खालच्या बाजूला ताजी पांढरी लव फुटते. चलबीजाणूंना पोहायला पानावर पाण्याचा थर लागतो, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी उसळतो. भुरीला साचलेले पाणी लागत नाही. फवारणीचे अंतर आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीवरूनच ठरवा. निर्यातीच्या बागेत तर त्याला पर्याय नाही.

हाच हिशेब विदर्भातल्या संत्र्यावरच्या डिंक्याला आणि बटाटा-टोमॅटोवरच्या उशिरा येणाऱ्या करप्याला लागू आहे. दोन्ही फायटोफ्थोराचे, आणि फायटोफ्थोरा हाही ऊमायसीटच.

प्रश्न : केरळमधल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमीबा’च्या बातम्या वाचल्या. आमांश करणारा अमीबा आणि हा, एकाच संघातले का?
— परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : नाहीत. आमांशाचा एन्टामीबा हिस्टोलिटिका हा अमीबोझोआतला, शाळेत शिकवतात त्या अमीबाचा नातलग. नेग्लेरिया फाउलेरी हा डिस्कोबा गटातला, हेटेरोलोबोसिआ या शाखेतला, म्हणजे त्याचे नाते युग्लीना आणि लेश्मानियाकडे जाते. छद्मपाद काढून सरकणे ही हालचालीची एक पद्धत आहे आणि ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आली. पूर्वी छद्मपाद दिसले की ‘सार्कोडिना’त टाकत. तो गट आता मोडीत निघाला आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळाला संसर्ग करणारा अकँथामीबा मात्र अमीबोझोआतलाच.

नेग्लेरियाची एक खूण प्रयोगशाळेत उपयोगी पडते. अमीबा अवस्थेतल्या पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात घालून ३७ अंशांच्या आसपास ठेवल्या, तर काही तासांत त्यांतल्या काहींना बहुधा दोन कशाभिका फुटतात आणि त्या पोहू लागतात. एन्टामीबा किंवा अकँथामीबात असे कधी होत नाही.

तुमच्या कामाशी संबंधित दोन बाबी. संशय असेल तर पाठीच्या कण्यातून काढलेले द्रव फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. थंडीने हालचाल थांबते, आणि थेट थेंब पाहताना हालचालीवरूनच तो पांढऱ्या पेशींपासून वेगळा ओळखता येतो. ग्रॅम रंजनावरही (जीवाणू रंगवून पाहण्याच्या पद्धतीवर) विसंबू नये, उष्णतेने काचपट्टी पक्की करताना अमीबा फुटतो. हा संसर्ग नाकावाटे शिरलेल्या कोमट गोड्या पाण्यातून होतो. ते पाणी प्यायल्याने होत नाही.

प्रश्न : लोणारचे पाणी २०२० मध्ये गुलाबी झाले, ते जीवाणूंमुळे की शैवालामुळे?
— पदवी विद्यार्थी, मेहकर

उत्तर : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्कियांचा असल्याचे आढळले, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा. पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांना अनुकूल परिस्थिती मिळाली. नमुना स्थिर ठेवल्यावर पेशी तळाशी बसून वरचे पाणी स्वच्छ झाले. रंग पाण्यात विरघळलेला नसून पेशींच्या आत आहे, हे त्यावरून कळते. बॅक्टेरिओरुबेरिन हे या गटाचे नेहमीचे तांबडे रंगद्रव्य.

जीवाणू आणि आर्किया दोघांतही केंद्रक नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे सांगता येत नाहीत. फरक रसायनात आहे. जीवाणूंच्या पटलातली मेदद्रव्ये एस्टर बंधाने जोडलेली, आर्कियांची ईथर बंधाने. जीवाणूंच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅन असते, आर्कियांत नसते, म्हणून पेनिसिलीन त्यांना बाधत नाही. नावावर जाऊ नका. हॅलोबॅक्टेरिअम हा आर्कियाच आहे, वूज यांच्या कामाच्या कितीतरी आधी ते नाव पडले होते.

प्रकल्प करणार असाल तर एक चूक हमखास होते : नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने विरल केला जातो. बहुतेक हॅलोआर्किया पेशीत पोटॅशिअमचे क्षार भरून बाहेरच्या मिठाशी तोल साधतात. बाहेरचे मीठ एकदम कमी झाले की पेशी फुटतात आणि प्लेट कोरी राहते. विरल करायला नमुन्याइतकेच खारे द्रावण घ्या. माध्यमात मीठ १५ ते २५ टक्के ठेवा, लोणारसाठी पीएच १० च्या जवळ. प्लेट पिशवीत गुंडाळून किमान २ ते ३ आठवडे थांबा, नाहीतर वाढ दिसण्याआधीच मिठाचे स्फटिक धरतात.

प्रश्न : ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह हे जीवाणूंचे दोन संघ मानायचे का? १६एस जनुकाचा निकाल किती टक्के जुळला म्हणजे ‘हीच जाती’ असे लिहायचे? आणि प्रोटिओबॅक्टेरिया हे नाव आता चालत नाही का?
— एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, नांदेड

उत्तर : ग्रॅम रंजनातून भित्तिकेची जाडी आणि बांधणी कळते, संघ कळत नाही. बॅसिलोटा आणि अॅक्टिनोमायसिटोटा हे संघ बहुतांश पॉझिटिव्ह आहेत, पण बॅसिलोटातल्याच व्हायलोनेलासारख्या प्रजातींना (प्रजाती ही जातीच्या वरची पायरी) बाह्यपटल असते आणि त्या निगेटिव्ह रंगतात. डायनोकॉकस बाह्यपटल असूनही पॉझिटिव्ह रंगतो. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नाही. शिवाय रंजन चुकते : संवर्धन २४ तासांपेक्षा जुने असेल, थर जाड असेल किंवा अल्कोहोल दहा-पंधरा सेकंदांहून जास्त राहिले, तर निकाल उलटा येतो. प्रत्येक काचपट्टीवर एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह शेजारी लावा.

१६एस हा रायबोसोममधल्या आरएनएचा जनुक. त्याची लांबी सुमारे १,५०० बेस, म्हणजे डीएनएची अक्षरे, असते. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (नक्कल सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून जवळजवळ पूर्ण लांबी मिळते. क्रम वाचण्याच्या सँगर पद्धतीत एका वाचनात साधारण ७०० ते ९०० बेसच भरवशाचे असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचून जोडावे लागते. सुरुवातीचे तीस-चाळीस बेस कापून टाका. आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसत असतील तर वसाहत शुद्ध नाही, पुन्हा स्ट्रीक करा. अशा वाचनावर काढलेले झाड कितीही सुबक दिसले तरी निरुपयोगी आहे.

जुळणी नेहमी प्रमाण वाणाशी, म्हणजे ज्याच्यावरून जातीचे नाव ठरले त्या वाणाशी, पाहा. सार्वजनिक संग्रहात कोणीही टाकलेल्या क्रमाशी १०० टक्के जुळणे पुरेसे नाही, कारण त्यावर लावलेले नावच चुकीचे असू शकते. प्रमाण वाणाशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळले तर जाती बहुधा नवी. प्रजातीसाठी हा उंबरठा सुमारे ९४.५, कुलासाठी ८६.५ आणि संघासाठी ७५ टक्के धरतात. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. बॅसिलस सेरिअस आणि बॅसिलस अँथ्रासिस यांचे १६एस जवळजवळ सारखे आहेत. म्हणून ९८.७ च्या वर गेलात की संपूर्ण जीनोम तुलनेला घ्यावा लागतो, आणि त्यात सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांच्या वर असेल तर जाती एक. नवी जाती जाहीर करायची तर प्रमाण वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्यातले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा त्यांपैकी एक होऊ शकतो.

नावांबद्दल. जीवाणूंच्या नामकरण संहितेत संघ ही पायरी २०२१ पर्यंत नव्हतीच. ती आल्यावर त्याच वर्षी ४२ संघांची नावे अधिकृत झाली. नियम असा, की संघाचे नाव एखाद्या प्रजातीवरून बेतायचे आणि शेवट ‘ओटा’ने करायचा. त्यामुळे प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा झाले आणि फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा. २०२४ मध्ये सृष्टी ही पायरीही आली : जीवाणूंच्या चार आणि आर्कियांच्या तीन. बॅसिलोटा, अॅक्टिनोमायसिटोटा आणि नीलहरित जीवाणू हे बॅसिलाटी सृष्टीत, तर स्यूडोमोनाडोटा आणि बॅक्टेरॉइडोटा हे स्यूडोमोनाडाटी सृष्टीत. प्रबंधात नवे नाव लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘पूर्वीचे अमुक’ असे जोडा. वाचणाऱ्याला जुने शोधनिबंध हुडकायचे असतात.

जनुकांवरून काढलेले झाडही फसवू शकते. रेशीमकिड्यांत पेब्रिन रोग घडवणाऱ्या नोसेमाच्या, म्हणजे मायक्रोस्पोरिडियांच्या बाबतीत तसे झाले. त्यांना नेहमीसारखी तंतुकणिका दिसत नव्हती आणि रायबोसोमच्या आरएनएवर काढलेल्या झाडात ते अगदी मुळाशी जात, म्हणून ते अतिप्राचीन मानले गेले. प्रत्यक्षात त्यांचे जनुक फार वेगाने बदललेले होते. वेगाने बदललेल्या लांब फांद्या झाडावर एकमेकींकडे ओढल्या जातात, मग त्या नात्यातल्या असोत वा नसोत. इतर प्रथिनांचे जनुक तपासल्यावर मायक्रोस्पोरिडिया कवकांच्या पंगतीत आले, आणि तंतुकणिकेचे झिजलेले अवशेषही पुढे सापडले. म्हणून एका जनुकाच्या झाडावर संघाचा निर्णय देऊ नका.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, तो जीव कोणता?
— वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : बहुधा नॉक्टिलुका. डायनोफ्लॅजेलेट गटातला हा जीव एकाच पेशीचा, पण एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढू शकणारा. पेशीला धक्का बसला की प्रकाश पडतो. हा गट अल्व्हिओलाटात येतो. पटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असणे हे त्याचे लक्षण. पॅरामेशिअम आणि मलेरियाचा प्लास्मोडिअम हे दोघे याच गटातले. प्लास्मोडिअमच्या पेशीत तर प्रकाशात अन्न बनवणे सोडून दिलेल्या हरितलवकाचा अवशेष आहे. डॉक्सिसायक्लिन हे जीवाणूंवरचे औषध मलेरियावर लागू पडते, ते त्या अवशेषातल्या जीवाणूसारख्या रायबोसोममुळे.

प्रश्न : विषाणू कोणत्या सृष्टीत?
— इयत्ता आठवी, जालना

उत्तर : पेशींच्या कोणत्याच सृष्टीत नाहीत, कारण त्यांना पेशी नाही आणि रायबोसोमही नाही. विषाणूंचे वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय समिती वेगळी आहे आणि तिच्या स्वतंत्र पायऱ्या आहेत. परीक्षेत ‘पाच सृष्टींत स्थान नाही’ एवढे लिहा.

प्रश्न : तळ्याच्या पाण्यातले जीव घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आहेत. कोणता कोणत्या संघातला हे कसे ओळखू?
— इयत्ता दहावी, चिपळूण

उत्तर : अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर सुके गवत टाकून दहा मिनिटे उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी आदल्या दिवशी उघडे ठेवा. त्यात तळ्याचे अर्धी वाटी पाणी, तळाचा थोडा गाळ आणि एखादे कुजके पान घाला. बरणीवर सैल झाकण ठेवून ती खिडकीजवळ, पण थेट उन्हापासून दूर ठेवा. आधी जीवाणूंनी पाणी गढूळ होते, मग बारीक कशाभिकाधारी जीव येतात, नंतर पॅरामेशिअमसारखे मोठे. रोज थोडे पाहिले तर हा क्रम नीट कळतो. अंड्यासारखा कुबट वास आला तर गवत जास्त झाले आहे, अर्धे पाणी बदला.

थेंब तीन जागांहून घ्या : पृष्ठभागावरची साय, मधले पाणी आणि तळ. काचपट्टीवर कापसाचे दोन-तीन तंतू ठेवून त्यावर थेंब आणि मग आच्छादक काच ठेवा. तंतूंमध्ये अडकून वेगवान जीव थोडे थांबतात. कडेला व्हॅसलीन लावले तर थेंब लवकर सुकत नाही. आधी ४ पटीची वस्तुभिंग वापरा, मग १० ची, शेवटी ४० ची. नवखे लोक प्रकाश पूर्ण सोडतात आणि मग रंगहीन जीव दिसतच नाहीत. मंचाखालची झडप बरीचशी बंद करा, कडा उठून दिसतात. काळ्या जाड कडेचे अचूक गोल म्हणजे हवेचे बुडबुडे.

आता ओळख. गोल फिरत, आपटून मागे सरत पोहणारा, कडेला झुळझुळ दिसणारा आणि साधारण पाव मिलिमीटर लांबीचा असेल तर सिलिओफोरा संघातला, बहुतेक पॅरामेशिअम. देठावर बसलेली आणि झटकन स्प्रिंगसारखी आखडणारी घंटा म्हणजे व्हॉर्टिसेला, तोही याच संघातला. हिरवा, एका टोकाला तांबडा ठिपका, लांबट-गोल आकार बदलणारा तो युग्लीनोझोआ. सोनेरी तपकिरी, काचेच्या डबीसारखा, न वळता सरळ घसरणारा तो डायटम, स्ट्रॅमेनोपाइल गटातला. निळसर हिरवा धागा असेल, त्यात हरितलवकाचा वेगळा आकार न दिसता रंग सगळीकडे सारखा असेल आणि धागा संथ सरकत असेल, तर ते शैवाल नसून नीलहरित जीवाणू आहेत, बहुधा ऑसिलेटोरिया. अमीबा घाईत सापडत नाही. तळाच्या गाळाचा थेंब दहा मिनिटे न हलवता ठेवा आणि मग कणीदार, संथ वाहणारा ठिपका शोधा.

एका जीवाने बरेच जण फसतात. डोक्यावर फिरती चाके, मागे चिमट्यासारखा पाय आणि आत सतत हलणारा जबडा दिसला तर तो रोटिफर. आकाराने पॅरामेशिअमएवढाच असू शकतो, पण तो शेकडो पेशींचा पूर्ण प्राणी आहे. वहीत एकपेशीयांच्या पानावर त्याचे चित्र काढू नका.